कोळशाच्या खोलीतली शाळा

मुलांची लग्ने झाली, घर शांत झाले, की “आता या वयात काय शिकायचे?” हा प्रश्न आपल्या घरांतून हमखास ऐकू येतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या हाती कॅमेरा आला तो वयाच्या ४८ व्या वर्षी. १८६३ च्या डिसेंबरात विवाहित लेकीने आणि जावयाने तो त्यांना भेट दिला. नवरा दूर सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॉफीच्या मळ्यांवर गेलेला. एकट्या आईला विरंगुळा व्हावा, एवढाच लेकीचा हेतू होता.

या बाई आपल्याला अगदीच परक्या नाहीत. त्यांचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. लग्नही तिथेच झाले. पती चार्ल्स हे कॅमेरॉन मेकॉलेसोबत कायदा आयोगावर होते. त्या आयोगाच्या मसुद्यातून आलेली १८६० ची भारतीय दंड संहिता ३० जून २०२४ पर्यंत आपल्याकडे लागू होती. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि पुढे वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावी राहिले. तिथेच घरातली कोळसा ठेवायची खोली बाईंनी डार्करूम केली. कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला.

त्यांना शिकायची होती ती ‘ओल्या काचे’ची रीत, म्हणजे वेट कलोडियन. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याने पेटंट घेतले नाही. इतरांनी त्यावर व्यवसाय उभे केले आणि तो मात्र १८५७ मध्ये गरिबीत वारला.

ही रीत समजून घेतली की बाईंच्या धडपडीची कल्पना येते. गनकॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवले की मधासारखा दाट द्राव होतो, त्यालाच कलोडियन म्हणतात. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळायचे. स्वच्छ घासलेल्या काचेवर हा द्राव ओतायचा आणि काच हळूहळू कलती करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचा. डोसा तव्यावर सारखा पसरायला जसा हात बसावा लागतो, तसा इथेही बसावा लागतो. मग अंधाऱ्या खोलीत ती काच काही मिनिटे सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, लगेच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलपर ओतून चित्र उमटवायचे. हा सारा खटाटोप साधारण १०-१५ मिनिटांत उरकावा लागतो. काच वाळली की काम फुकट. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडतात, ईथर चटकन पेट घेते आणि चित्र पक्के करायला त्या काळी सायनाइडसारखे जहाल विषही वापरत. आणखी एक गंमत म्हणजे या काचेला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. कपाळावरचे कुंकू त्यात काळे उमटते आणि निळे आकाश पांढरेफटक येते.

त्याच काळात आपल्या भागातही कॅमेरे फिरत होते. धारवाड-म्हैसूरकडच्या प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पण देऊळ हलत नाही, माणूस हलतो. त्या काळच्या स्टुडिओत मान स्थिर राहावी म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. कॅमेरॉनबाईंना तर चेहरा मोठा आणि जवळून हवा होता, प्रकाश मंद हवा होता. त्यामुळे समोरच्या माणसाला कित्येकदा मिनिटे मोजत बसावे लागे.

सुरुवातीला त्यांनी गावातल्या एका शेतकऱ्याला तासाला अर्धा क्राऊन देऊन बसवले. बरेच तास आणि बरेच पैसे खर्च झाल्यावर एकदाचे चित्र साधले. विजयाच्या आनंदात काच वाळवायला हातात धरली आणि ओल्या बाजूवर हात फिरून चित्र पुसले गेले! पुढे दोन मुलांना एकत्र बसवले, तर ऐन वेळी एकाला हसू फुटले. तेव्हा १८६४ च्या जानेवारीत त्यांनी अ‍ॅनी फिलपॉट या मुलीला एकटीला बसवले आणि समजावले, की तू हललीस तर माझी रसायने आणि मेहनत दोन्ही वाया जातील. मुलगी हलली नाही. त्या चित्राखाली बाईंनी ‘माझे पहिले यश’ अशा अर्थाचे शब्द लिहिले. रसायनांचा हात सरावाने बसतो. पण समोरच्या माणसाचा विश्वास मिळवून त्याला स्वस्थ बसवणे हे त्याहून अवघड, आणि ते त्या मुलीपाशी साधले.

टीका मात्र पुष्कळ झाली. चित्रे धूसर, काचेवर ओघळ, कडांना चिरा. जाणकार छायाचित्रकारांनी त्यांना नावे ठेवली. त्या डगमगल्या नाहीत. १८६५ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांची चित्रे विकत घेतली. टेनिसन आणि डार्विन त्यांच्यासमोर बसले, तशी घरातली मोलकरीण मेरी हिलियरही बसली. मेरी तर कित्येक चित्रांत मदर मेरीच्या रूपात दिसते. १८६७ मध्ये त्यांनी काढलेले शास्त्रज्ञ हर्शेल यांचे चित्र पाहावे. विस्कटलेले पांढरे केस, थकलेले पण जागे डोळे. चित्र पक्के करणारा ‘हायपो’ ज्यांच्या शोधामुळे मिळाला, तेच हे हर्शेल. १८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेले आणि १८७९ मध्ये बाई तिथेच वारल्या. मागे हजाराहून अधिक चित्रे राहिली.

आज ही जुनी रीत जगात अनेक ठिकाणी हौसेने पुन्हा शिकली जाते. तिची रसायने घातक असल्याने ती जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकायची. पण तिच्यातला एक भाग घरबसल्या करता येतो. घरातली थोरली माणसे बहुधा लग्नाच्या घोळक्यात, घाईघाईने टिपलेल्या फोटोंतच सापडतात. आजी असो की अज्जी, एखाद्या दुपारी तिची खुर्ची खिडकीपाशी ओढावी, मराठीत बोलावे की कन्नडमध्ये ते तिच्यावर सोपवावे आणि ती सैलावल्यावर, घाई न करता, एकच फोटो घ्यावा. मग छापून त्यामागे तिचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी.