शस्त्रे वाहणारी जहाजे: ऐकीव काय, खरे काय

शस्त्रांची चोरटी वाहतूक म्हटली की समुद्रापासून दूर असलेल्या खामगाव-मलकापूरच्या माणसाला दिसते ती रात्री दिवे मालवून किनाऱ्याला लागणारी होडी. १९९३ च्या मुंबई स्फोटांआधी रायगडमधल्या शेखाडीला आरडीएक्स चोरूनच उतरले, म्हणून हे चित्र मनात घट्ट बसले आहे. पण लढाईला लागणारा जड माल बहुधा मोठ्या बंदरांतून, दिवसाढवळ्या आणि रीतसर कागदांनिशी जातो.

२३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा शेवा बंदरात ‘सीएमए सीजीएम अटिला’ या माल्टाच्या झेंड्याच्या जहाजावरचा माल अडवण्यात आला. जहाज चीनहून कराचीला निघाले होते. कागदांवर माल पाठवणारी कंपनी शांघायची, घेणारी सियालकोटची. खोलात गेल्यावर दोन्हीकडची नावे बदलली: माल तैयुआनच्या कंपनीचा, जाणार होता पाकिस्तानातल्या कॉसमॉस इंजिनिअरिंगकडे. वजन २२,१८० किलो. आत बंदूक नाही, तोफगोळा नाही; होते इटालियन बनावटीचे सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कातणारे. डीआरडीओ या भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या पथकाने ते तपासले आणि क्षेपणास्त्रांचे भाग घडवायला ते उपयोगी पडू शकते, असे भारतीय यंत्रणांचे म्हणणे पडले. मोटारींचे सुटे भाग बनवण्यासाठी ते मागवले होते, असे पाकिस्तानने सांगितले. खरी अडचण इथेच आहे, कारण यंत्र दोन्ही कामे करते. म्हणूनच अशी यंत्रे शस्त्रे आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार कराराच्या नियंत्रण यादीत आहेत. भारत डिसेंबर २०१७ मध्ये या कराराचा ४२ वा सदस्य झाला.

यात जहाजच सामील असते, हाही घाईचा निष्कर्ष. हजारो कंटेनर वाहणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला आतला माल कागदावरच दिसतो.

कधी मात्र खलाशीही आडवे येतात. जून १९९९ मध्ये, कारगिलची लढाई पेटलेली असताना, उत्तर कोरियाचे ‘कू वोल सान’ हे जहाज साखर घेऊन कांडला बंदरात आले. पाणी शुद्धीकरणाची सामग्री म्हणून नोंदवलेल्या पेट्या उघडायला खलाशांनी कडाडून विरोध केला. पेट्या फोडल्यावर क्षेपणास्त्रांचे भाग आणि आराखडे निघाले. आपल्याकडे संशय अर्थातच पाकिस्तानवर गेला. पुढे माग लिबियाकडे जाताना दिसला.

निर्बंध लागले म्हणजे जहाज जप्त झाले, असेही नव्हे. अमेरिकेने मे २०२२ मध्ये रशियाच्या लष्करी मालवाहतुकीशी जोडलेल्या कंपन्यांवर आणि त्यांच्या जहाजांवर निर्बंध लादले. त्याने डॉलरचे व्यवहार अडतात, विमा मिळणे अवघड होते, बंदरे हात आखडतात. तरीही त्यांतले ‘अंगारा’ २०२३ मध्ये उत्तर कोरियाचे कंटेनर रशियाला नेताना उपग्रहचित्रांत दिसले आणि २०२४ मध्ये चिनी गोदीत दुरुस्तीला उभे होते. नाव रंगवून बदलता येते, पण आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी क्रमांक जहाजाला जन्मभर चिकटतो. माग त्यावरूनच काढतात.

उलट बाजूही सांगायलाच हवी: प्रत्येक आरोपाला पुरावा मिळतोच असे नाही. याच निर्बंधांखालचे रशियन जहाज ‘लेडी आर’ डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सायमन्स टाउनला लागले. तिथून रशियासाठी शस्त्रे चढवल्याचा आरोप अमेरिकेच्या राजदूतांनी केला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या चौकशी समितीला तसा पुरावा सापडला नाही.