वाहनशक्तीचे सदृशीकरण : दोन दिशा, दोन प्रश्न

वाहन प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी त्याची मोटार, बॅटरी व गिअर यांचे परस्परावलंबी वर्तन संगणकावर गणिताने घडवून पाहणे, यास सदृशीकरण म्हणतात. ज्या समीकरणसमूहावर ते आधारलेले असते, ते त्या वाहनाचे प्रतिमान होय. 'प्रतिमान' ही संज्ञा भाषाविज्ञानातही रूढ असल्याने तिचा हा दुसरा संसार आपण पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

एक साधे उदाहरण घेऊ. १२०० किलोग्रॅमची मोटारगाडी सपाट रस्त्यावर ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, वेगाने चालली आहे. चाकांच्या घर्षणाचा गुणांक ०.०१ धरल्यास त्याचा विरोध सुमारे ११८ न्यूटन भरतो. हवेचा विरोध, गाडीचा आकार सर्वसाधारण मानून, सुमारे ९४ न्यूटन. एकसारखा वेग राखण्यास चाकांशी ३.२ किलोवॅट शक्ती पुरते. परंतु त्याच क्षणी दर सेकंदास १ मीटर इतकी वेगवृद्धी हवी असेल, तर आणखी १२०० न्यूटन बल लागते व मागणी एकदम २१.२ किलोवॅटवर जाते.

येथे आपण वेग गृहीत धरून शक्तीकडे गेलो. चाकांकडून मोटारीकडे व तेथून बॅटरीकडे, अशी ही कार्याकडून कारणाकडे जाणारी गणना आहे. आता मोटार चाकांना १५ किलोवॅटच पुरवू शकते असे समजू. मर्यादेची अट घातली नसेल, तर ही गणना मागणी पुरी झाली असेच मानून पुढे सरकते. उलट बाजूने निघाल्यास, १५ किलोवॅटमधून १००० न्यूटन बल मिळते, विरोध वजा जाता ७८८ उरते आणि वेगवृद्धी ०.६६ एवढीच होते. गाडी अपेक्षित वेगाच्या मागे पडते, आणि ते मागे पडणे या गणनेत दिसते. त्यासाठी मात्र अपेक्षित व प्रत्यक्ष वेगांची तुलना करून पेडल दाबणारा एक 'चालक'ही समीकरणांत बसवावा लागतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत १९९४ पासून विकसित झालेल्या 'ॲडव्हायझर' या प्रणालीचा भर पहिल्या रीतीवर होता. घटकांच्या मर्यादा सांभाळण्यापुरती तीत दुसरीची जोड होती. आर्गॉन प्रयोगशाळेची 'ऑटोनॉमी' दुसऱ्या रीतीची आहे. पहिली जलद असून घटकांचे आकारमान ठरविण्यास सोयीची. दुसरी नियंत्रणाच्या अभ्यासास आवश्यक. या रीतींना 'प्रतिगामी' व 'पुरोगामी' म्हणण्याचा मोह टाळावा, कारण त्या शब्दांना मराठीत सामाजिक मूल्यनिर्णय चिकटलेला आहे. 'व्युत्क्रमी' व 'अनुक्रमी' या संज्ञा निर्दोष वाटतात. वाक्यावरून रचना शोधणे आणि आशयावरून वाक्य घडविणे यांतील भेद जाणणाऱ्यास हे द्वैत अपरिचित नाही.

दिशेइतकेच महत्त्व चालनचक्राला, म्हणजे गृहीत धरलेल्या क्षणोक्षणीच्या वेगाला आहे. युरोपीय चक्रावरून बेतलेल्या भारतीय सुधारित चालनचक्रात कमाल वेग ताशी १२० ऐवजी ९० किलोमीटर ठेवण्यात आला. हवेच्या विरोधावर खर्चणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा या दोन वेगांत तिचे अंतर सुमारे २.४ पट पडते. गाडी तीच, समीकरणे तीच, उत्तर मात्र निराळे.

तात्पर्य, सदृशीकरणाचा कोणताही निष्कर्ष वाचताना गणना कोणत्या दिशेने व कोणत्या चक्रावर झाली, हे प्रथम विचारावे. ज्या आकड्यासोबत ही दोन उत्तरे दिलेली नसतात, त्याला अचूकता असू शकेल; अर्थ असेलच असे नाही.