मतदार स्त्री आणि सत्ताधारी स्त्री

स्त्रीला मताचा हक्क मिळणे ही एक गोष्ट, आणि मतदाराच्या मनात सत्तेची अधिकारी म्हणून तिला स्थान मिळणे ही अगदी निराळी गोष्ट, हे ज्याला पडताळून पाहावयाचे असेल त्याने बंगळुरातून चाललेल्या गेल्या अर्धशतकाच्या राजकारणाचा मागोवा अवश्य घ्यावा.

१९७२ साली गुंडलुपेटच्या के. एस. नागरत्नम्मा राज्याच्या विधानसभेच्या अध्यक्षपदी आरूढ झाल्या. १९७८ च्या नोव्हेंबरात, उत्तरेने अव्हेरलेल्या इंदिरा गांधींना चिकमगळूरने वीरेंद्र पाटलांसारख्या माजी मुख्यमंत्र्याविरुद्ध लोकसभेवर धाडले. आणि २००४ साली बंगळूरच्या वेशीवरील कनकपुरात तेजस्विनी गौडा या पत्रकार स्त्रीने माजी पंतप्रधान देवेगौडांना पराभूत केले. तेव्हा येथला मतदार स्त्रीला मतच देत नाही, हे म्हणणे मी मान्य करणार नाही. परंतु कर्नाटक राज्याला आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री लाभली नाही, आणि २०२३ साली २२४ जागांच्या विधानसभेत अवघ्या १० स्त्रिया निवडून आल्या, हेही तितकेच खरे. असामान्य स्त्रीपुढे मतदार नतमस्तक होतो. चारचौघींसारख्या पण कर्तबगार बाईविषयी मात्र 'हिला कारभार झेपेल काय', 'अपरात्री पोलीस ठाण्यात कोण धावेल' असे प्रश्न निघतात, आणि तिकिटे वाटणारे पक्षधुरीण तेच प्रश्न ढालीसारखे पुढे करून उमेदवारी पुरुषाच्या पदरात टाकतात.

मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांच्या अमदानीत, पंचायतमंत्री नझीर साब यांच्या पुढाकाराने आलेल्या पंचायत कायद्याने २५ टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या व १९८७ साली त्याप्रमाणे निवडणुका झाल्या, त्या पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. राखीव जागा वगळता मोकळ्या मैदानात मात्र चित्र पालटत नाही, आणि ते का पालटत नाही हे सीमाभागातील बेळगाव जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे उमगते. फेब्रुवारी २०१२ मध्ये विधानसौधात सभागृहाचे कामकाज चालू असता मंत्री भ्रमणध्वनीवर अश्लील चित्रफीत पाहत असल्याचे वृत्तवाहिन्यांनी दाखविले आणि तीन मंत्र्यांना पदत्याग करावा लागला. त्यांपैकी याच जिल्ह्यातील अथणीचे लक्ष्मण सवदी यांनी आरोप नाकारला; पुढल्याच वर्षी अथणीने त्यांना पुन्हा निवडून दिले, आणि २०१९ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले. अथणीकरांनी स्त्रीद्वेषापोटी मत दिले असे मी म्हणत नाही. पाणी, ऊस, जात आणि हाकेला धावणारा माणूस यांपुढे स्त्रीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्यांना हलका वाटला, एवढेच. पण तो हलका वाटावा, यातच सारे दुखणे आहे. आणि तरीही याच जिल्ह्याने २०१८ मध्ये खानापुरातून अंजली निंबाळकर, बेळगाव ग्रामीणमधून लक्ष्मी हेब्बाळकर व निपाणीतून शशिकला जोल्ले अशा तिघींना एकाच वेळी विधानसभेत पाठविले, आणि त्यांत मराठी मतदारांचा वाटा मोठा होता. संधी दिली तर मतदार मागे हटत नाही, याहून निराळा पुरावा कशाला हवा?

२०२३ साली कर्नाटकात घरच्या कर्त्या स्त्रीला दरमहा २,००० रुपये आणि बसचा मोफत प्रवास ही आश्वासने निवडणुकीच्या केंद्रस्थानी आली आणि निकालानंतर अमलातही आली. बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्थानकाहून सुटणाऱ्या बसमध्ये वाहक ओळखपत्र पाहून शून्य रुपयांचे तिकीट हाती ठेवतो, तेव्हा धुणीभांडी करून घरी परतणाऱ्या बाईचे रोजचे भाडे वाचते. हे पैसे तिच्या हक्काचेच आहेत आणि त्यांना खैरात म्हणणाऱ्यांशी माझे जमणार नाही. पण त्याच निवडणुकीत बंगळूरच्या जयनगर मतदारसंघात उमेदवार सौम्या रेड्डी फेरमोजणीअंती केवळ १६ मतांनी हरल्या. एकेका बाईच्या, एकेका बुवाच्या मताला किती वजन असते, ते त्या रात्री साऱ्या शहराने पाहिले.

आणि जेथे निम्म्या जागा कायद्याने स्त्रियांच्या होत्या, त्या बंगळूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. पाच वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही, आणि शहराचा कारभार प्रशासकांच्या हुकुमाने चालत राहिला. प्रभागातली नळाची आणि गटाराची तक्रार ऐकणारी नगरसेविका त्या काळात कोणालाही लाभली नाही. बंगळूरच्या मराठी मतदारांनी, विशेषतः भगिनींनी, दारी येणाऱ्या प्रत्येक पक्षाला प्रथम एवढेच विचारावे : खुल्या जागांवर तुम्ही किती स्त्रिया उभ्या केल्या?