आभासी अवकाशसंचार

डोक्यावर बसविलेल्या दर्शक-उपकरणाच्या साहाय्याने, संगणकाने निर्माण केलेल्या अवकाशात आपण प्रत्यक्ष वावरत आहोत असा अनुभव देणारा व्हिडिओ खेळांचा एक प्रकार. अशा खेळात खेळणारी व्यक्ती अवकाशयानाच्या चालककक्षात बसते, ताऱ्यांमधील अंतरे ओलांडते, अपरिचित ग्रहांची पाहणी करते व काही खेळांत त्यांच्या पृष्ठभागावर उतरते. लढाई वा शर्यत हा पुष्कळशा व्हिडिओ खेळांचा गाभा असतो; येथे लढाईला वाव असला, तरी पाहणे आणि पोहोचणे हाच अनेकांच्या आनंदाचा मुख्य विषय असतो. हा आनंद प्रामुख्याने परिमाणाच्या जाणिवेतून उद्‌भवतो. ग्रहाचा व्यास किंवा ताऱ्याचे अंतर ही पुस्तकात केवळ संख्या असते. आभासी अवकाशसंचारात ती मान वळवून वा वेळ खर्चून अनुभवावी लागते. या प्रकारातील विशेष प्रसिद्ध खेळ म्हणजे एलीट डेंजरस (२०१४) व नो मॅन्स स्काय (२०१६) हे होत. दोन्ही खेळ इंग्लंडमध्ये तयार झाले.

पूर्वेतिहास : दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखविली असता मेंदू त्यांतून खोलीचा प्रत्यय घेतो, हे चार्ल्स व्हीट्‌स्टन यांनी आपल्या त्रिमितिदर्शकाद्वारे १८३८ मध्ये दाखवून दिले. आकाश घुमटाच्या आतील बाजूवर प्रक्षेपित करून प्रेक्षकांना त्याखाली बसविण्याची कल्पना म्यूनिक येथे १९२३ साली प्रथम साकार झाली व तीतून आधुनिक तारांगणांचा उगम झाला. संगणकीय खेळांपैकी अगदी आरंभीचा स्पेसवॉर हा खेळ मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६२ मध्ये तयार झाला. त्याची पार्श्वभूमी पुढे खऱ्या तारकापत्रकावरून रेखाटण्यात आली. खेळातले आकाशही खरे असावे, ही ओढ अशा प्रकारे प्रारंभापासूनच आढळते.

डोक्यावर बसवावयाचे संगणकीय दर्शक-उपकरण आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये बनविले. ते इतके जड होते, की छताला टांगून ठेवावे लागे. ‘आभासी वास्तव’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९८० नंतरच्या दशकात जॅरन लानिअर यांच्यामुळे रूढ झाली. हबल दूरदर्शकाच्या १९९३ मधील पहिल्या दुरुस्ती-मोहिमेच्या सरावात अमेरिकेच्या नासा या संस्थेने या तंत्राचा उपयोग केला. घरगुती वापराची उपकरणे मात्र प्रदीर्घ काळ महाग व सदोष राहिली. ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि प्लेस्टेशन व्हीआर ही तीन उपकरणे २०१६ मध्ये बाजारात आल्यावर या प्रकाराचा खऱ्या अर्थाने प्रसार झाला. एलीट डेंजरसमध्ये पहिल्या प्रकाशनापासूनच अशा उपकरणांची सोय होती. नो मॅन्स स्काय या खेळात ती ऑगस्ट २०१९ मध्ये करण्यात आली.

उपकरणाचे कार्य : दर्शक-उपकरणात प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र चित्र व एक भिंग असते. माणसाच्या दोन डोळ्यांतील अंतर सरासरीने सु. ६·३ सेंमी. असल्याने तेवढ्या अंतरावरील दोन बिंदूंतून दिसणारी दृश्ये संगणक वेगवेगळी रेखाटतो. उपकरणातील घूर्णी व प्रवेगमापक डोक्याचे वळण क्षणोक्षणी मोजतात, तर प्रकाशकीय संवेदक त्याचे स्थान निश्चित करतात. २०१६ मधील रिफ्ट व व्हाइव्ह या उपकरणांत चित्र दर सेकंदाला ९० वेळा नव्याने रेखाटले जात असे. डोके वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा काळ सु. २० सहस्रांश सेकंदापेक्षा जास्त झाला, तर दृश्य मागे रेंगाळल्यासारखे वाटते आणि आभास भंगतो.

परिमाणाची जाणीव : पृथ्वीपृष्ठापासून ४०० किमी. उंचीवरून पाहिल्यास पृथ्वी डोळ्याशी सु. १४०° चा कोन करते. टेबलावरील संगणकाचा पडदा एरवी ५० ते ६० अंशांपलीकडे व्यापत नाही. त्यामुळे संपूर्ण ग्रह त्यावर दाखवावयाचा झाल्यास तो लहान करूनच दाखवावा लागतो आणि त्याची भव्यता नाहीशी होते. दर्शक-उपकरणात ग्रह त्याच्या खऱ्या कोनीय आकारात दाखविता येतो. या उपकरणांचे दृष्टिक्षेत्र सर्वसाधारणपणे ११०° च्या आसपास असल्याने असा ग्रह एका दृष्टिक्षेपात मावत नाही; त्याची एक कड सोडून दुसरी पाहण्यासाठी मान वळवावी लागते. ज्या वस्तूसाठी मान वळवावी लागते ती वस्तू आपल्याहून मोठी, असे शरीर अनायासे मानते.

यात दोन डोळ्यांच्या दृष्टीचा वाटा मात्र समजला जातो त्याहून वेगळा आहे. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतील फरक अंतर वाढेल तसा घटत जातो व काहीशे मीटरांपलीकडे तो निरुपयोगी ठरतो. हजारो किलोमीटर दूर असलेला ग्रह दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखाच दिसतो. खोलीचा प्रत्यय येतो तो चालककक्षामुळे. हाताच्या अंतरावरील नियंत्रकपट्टी, खिडकीची चौकट, शेजारचे रिकामे आसन या वस्तू स्पष्टपणे जवळ भासतात आणि त्यांच्या तुलनेत ग्रह अपरंपार दूर जातो. जवळच्या वस्तूंची मोजपट्टी नसती, तर दूरच्या वस्तूचे दूरपणही जाणवले नसते. अवकाशाचे खेळ आभासी वास्तवाला विशेष मानवतात याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

खेळातील विश्वाची निर्मिती : ही विश्वे कोणी ताऱ्यामागून तारा हाताने रेखाटलेली नसतात. डेव्हिड ब्रेबेन व इअन बेल यांनी १९८४ मध्ये तयार केलेल्या मूळच्या एलीट या खेळात प्रत्येकी २५६ तारकास्थाने असलेल्या आठ दीर्घिका होत्या आणि तो बीबीसी मायक्रो या ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकावर चालत असे. एवढी माहिती साठविण्यास जागा नव्हती. म्हणून तीन बीजसंख्या घेऊन त्यांच्या बेरजेने पुढील संख्या काढावयाची, हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची व मिळालेल्या संख्यांवरून ताऱ्याचे नाव, स्थान व स्वरूप ठरवावयाचे, अशी युक्ती योजण्यात आली. बीज तेच असल्याने प्रत्येक वेळी तेच विश्व निर्माण होते.

याच तत्त्वाचा विस्तार पुढील खेळांत झाला. एलीट डेंजरसमध्ये आपल्या आकाशगंगेची पूर्ण आकारमानाची प्रतिकृती असून तीत सु. ४०० अब्ज तारकासंहती आहेत. त्यांपैकी दीड लाखाहून अधिक तारे खऱ्या तारकासूचींतून घेतलेले असून उरलेले खगोलभौतिकीच्या नियमांना अनुसरून संगणकाने योजले आहेत. नो मॅन्स स्कायमधील संभाव्य ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्ये दिल्यास होणाऱ्या संख्येहून किंचित अधिक, इतकी सांगितली जाते. दर सेकंदास एक याप्रमाणे पाहात गेल्यास एलीट डेंजरसमधील तारकासंहती पाहून संपविण्यास सु. १२,७०० वर्षे, तर नो मॅन्स स्कायमधील ग्रहांना सु. ५८४ अब्ज वर्षे लागतील. त्यामुळे खेळणाऱ्याला कोणीही न पाहिलेले स्थळ गाठता येते व तेही त्याच्याआधी कोणी ठरवून मांडलेले नसते.

अन्वेषणाचे स्वरूप : एलीट डेंजरसमध्ये यान एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घेते व नव्या ताऱ्याच्या अगदी निकट बाहेर पडते. अंधारातून अचानक सारे दृष्टिक्षेत्र व्यापणारा तारा पुढ्यात येतो तेव्हा नवखा खेळाडू बहुधा दचकून मागे सरतो. विशिष्ट वर्गांच्या ताऱ्यांजवळून जाताना इंधन गोळा करता येते; मात्र फार जवळ गेल्यास यान तापते. ग्रहांची पाहणी करून मिळविलेली माहिती वस्तीच्या ठिकाणी परत आणून विकावी लागते. ज्याने एखादे खस्थ पदार्थ प्रथम पाहून त्याची माहिती परत आणली, त्याचे नाव त्यावर सर्वांना दिसेल असे नोंदविले जाते. परतीच्या वाटेवर यान नष्ट झाल्यास न विकलेली सर्व माहिती नाहीशी होते. काही महिन्यांचे श्रम अखेरच्या क्षणी निष्काळजीपणामुळे वाया जाऊ शकतात. यामुळेच या प्रवासाला खरे गांभीर्य प्राप्त होते. आकाशगंगेच्या पैल कडेजवळील, सूर्यापासून सु. ६५,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या बीगल पॉइंट या ठिकाणाच्या सामुदायिक मोहिमेत २०१९ मध्ये दहा हजारांहून अधिक खेळाडू निघाले होते.

अंतराची जाणीव करून देणारे याहूनही बोलके उदाहरण आपल्या शेजारचे आहे. या खेळात मित्र ताऱ्यापाशी बाहेर पडून त्याच संहतीतील प्रॉक्सिमा ताऱ्याजवळच्या हटन या अवकाशस्थानकाकडे जाता येते. ते अंतर ०·२२ प्रकाशवर्ष आहे. खेळातील यान संहतीच्या आत मुळात प्रकाशाच्या सु. २,००० पट वेगापर्यंत पोहोचत असूनही या प्रवासास तासाहून अधिक वेळ लागत असे व त्या काळात बाहेरचे दृश्य जवळजवळ बदलत नसे. तेवढेच अंतर प्रकाश सु. ८० दिवसांत, तर सेकंदास १७ किमी. वेगाने जाणारे व्हॉयेजर–१ हे यान सु. ३,९०० वर्षांत तोडील. अनेकांना हा प्रवास कंटाळवाणा वाटे. परंतु अवकाशाचा बहुतांश भाग रिकामा आहे, हे सत्य हा कंटाळाच सर्वांत प्रभावीपणे शिकवितो.

नो मॅन्स स्कायची प्रकृती निराळी आहे. त्यातील ग्रह लहान व परस्परांच्या जवळ असतात, आकाशाचे रंग चित्रकाराच्या कल्पनेतील वाटतात व वनस्पती आणि प्राणी विपुल आढळतात. खेळाडू यानातून उतरून पायी हिंडू शकतो व हातातील नियंत्रकांनी वस्तू हाताळू शकतो. याउलट, एलीट डेंजरसमध्ये मे २०२१ मध्ये पायी चालण्याची सोय झाली, तेव्हा तो भाग दर्शक-उपकरणातही सपाट पडद्याप्रमाणेच दाखविला गेला. यानातून पाहिलेली भव्यता जमिनीवर पाय ठेवताच चौकटीत बंद झाल्याने अनेक खेळाडूंचा विरस झाला. या प्रकारातील आनंद दृश्यापेक्षा दृश्यात असण्यावर किती अवलंबून आहे, ते यावरून स्पष्ट होते.

सत्य व कल्पित : अशा खेळांतील सर्वच गोष्टी शास्त्रशुद्ध नसतात. प्रकाशाहून अधिक वेगाचा प्रवास भौतिकीला मान्य नाही. मात्र त्याशिवाय खेळच अशक्य होईल. निर्वात अवकाशात ध्वनीचे प्रसारण होत नाही, तरी यानांचे आवाज ऐकू येतात. उलटपक्षी ताऱ्यांचे वर्णपटीय वर्ग व त्यांनुसार बदलणारे रंग, जोडताऱ्यांचे परस्परांभोवती भ्रमण, ग्रहांच्या कला व कड्यांवर पडणारी त्यांची छाया या गोष्टी एलीट डेंजरसमध्ये बऱ्याच अंशी यथार्थ असतात. ट्रॅपिस्ट–१ या ताऱ्याच्या सात ग्रहांची घोषणा फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, तेव्हा खेळातील विश्वात जवळपास तेवढ्याच अंतरावर सात ग्रहांची एक अंधुक संहती आधीपासूनच असल्याचे दिसून आले. निर्मात्यांनी तिच्या जागी खरी संहती बसविली. हा योगायोग मनोरंजक असला, तरी ते भाकीत नव्हे. नियमांनुसार रचलेले विश्व आणि निरीक्षणाने जाणलेले विश्व यांतील भेद येथे विसरता कामा नये. खेळात प्रथम पाहिलेला ग्रह म्हणजे लागलेला शोध नव्हे. ते संख्यांच्या एका क्रमाचे प्रथमदर्शन होय.

शारीरिक परिणाम : डोळ्यांना गती दिसते, पण अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियाला ती जाणवत नाही. या विसंगतीमुळे काहींना मळमळ, घाम व घेरी यांचा त्रास होतो. स्थिर चालककक्ष भोवती असल्यास हा त्रास पुष्कळदा कमी होतो. पायी चालण्याच्या वा खडकाळ भूमीवर वाहन हाकण्याच्या प्रसंगी तो वाढतो. प्रत्यक्ष अंतराळवीरांपैकीही निम्म्याहून अधिकांना पहिले काही दिवस अशाच स्वरूपाची व्याधी होते, कारण वजनरहित अवस्थेत अंतर्कर्णाचे संदेश व दृष्टी यांचा मेळ बसत नाही. आरंभी अल्पकाळ खेळणे, अस्वस्थ वाटताच थांबणे व मोकळ्या जागी बसणे हे उपाय उपयुक्त ठरतात. लहान मुलांच्या बाबतीत निर्मात्यांनी घालून दिलेली वयोमर्यादा पाळणे इष्ट असते.

मूल्यमापन : आभासी अवकाशसंचार हा खगोलशास्त्राच्या अभ्यासाला पर्याय होऊ शकत नाही. त्यातील विश्व माणसाच्या सोयीने गतिमान केलेले असते. खऱ्या अवकाशाचा मुख्य अडसर जो काळ, तोच त्यात बहुतांशी दूर केलेला असतो. तथापि तारांगणाचा घुमट वा दूरदर्शक यांनाही जे सहज साधत नाही, ते हे खेळ साधतात. स्वतः मार्ग आखून, इंधनाचा हिशेब ठेवून, चुकण्याची जोखीम पत्करून दूर जाणे व तेथून मागे वळून पाहणे, हा अनुभव ते देतात. खेळातील आकाशगंगेच्या कडेवरून सूर्याकडे पाहू लागल्यास तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची दिशा नियंत्रकपट्टीवरील खुणेवरूनच ओळखावी लागते. खऱ्या आकाशगंगेतही तितक्या अंतरावरून तो तसाच अदृश्य झाला असता. खेळातील ही गोष्ट कल्पित नाही, आणि ती संख्येने नव्हे, तर शोधूनही सूर्य न सापडल्याने समजलेली असते.