आजीच्या खात्यात दोन हजार

धाराशिव जिल्ह्यातलं कळंब मांजरा नदीच्या काठी वसलेलं आहे. सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी ही इथली पिकं. पाऊस मात्र मोठा लहरी! कधी रुसतो, तर कधी नको तेव्हा कोसळतो. अशा भागात बँकेच्या पायरीवर बसलेल्या एखाद्या आजीच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "बाळा, आलं का रं पैसं?"

कुठले बरं हे पैसे? केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०१९ रोजी 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' ही योजना सुरू केली. तिच्यात शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. दर चार महिन्यांनी २,००० रुपयांचा एक हप्ता! २०२३ साली महाराष्ट्र सरकारने 'नमो शेतकरी महासन्मान निधी' सुरू करून त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. आता गणित करा पाहू. वर्षाचे १२,००० म्हणजे रोजचे साधारण ३३ रुपये. त्यात शेती काही पिकत नाही, पण पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे जाणं एखाद्या वेळी तरी टळतं.

पूर्वी सरकारी पैसा अनेक हातांतून गावात यायचा. वाटेत तो झिरपायचा! सरकारने दिलेल्या एका रुपयातले १५ पैसेच गरिबापर्यंत पोचतात, असं १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते. म्हणून २०१३ पासून निरनिराळ्या योजनांचे पैसे थेट खात्यात जमा करायला सुरुवात झाली. त्यासाठी उपयोगी पडलं आधार. आणि गंमत म्हणजे देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं.

मग आजीचे पैसे का अडतात? तिला तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार सातबाऱ्याचं. गाव नमुना सात आणि बारा मिळून झाला सातबारा. सातवर मालकाचं नाव, बारावर पिकाची नोंद. आजोबा वारले आणि वारसाची नोंद झाली नाही, तर आजीचा हक्क कागदावर येत नाही. दुसरं दार बँकेचं. तिथे खातं आधारला जोडलेलं हवं. तिसरं दार ई-केवायसीचं, म्हणजे 'ही तीच व्यक्ती' अशी खात्री करून घेण्याचं. खुरपून खुरपून आजीच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा उमटतच नाही! ज्या कष्टांसाठी पैसे, त्याच कष्टांमुळे ते अडतात. २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, तेव्हा कुठे वाट थोडी सोपी झाली.

आणखी एक गोष्ट. हे पैसे जमिनीच्या मालकाला मिळतात. बटईने दुसऱ्याचं रान कसणारा, सालगडी, रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाया यांच्या नावावर जमीन नसेल, तर त्यांना या योजनेतून काहीच मिळत नाही. एक एकरवाल्याला आणि दहा एकरवाल्याला मात्र हप्ता सारखाच! हे बरोबर आहे का? कोणी म्हणेल, सातबारा दाखवता येतो, घाम कसा दाखवणार? घरात मोठ्यांशी यावर जरूर बोला.

आणि हो, तुम्हीही मदत करू शकता बरं का! आजी-आजोबांना मोबाइलवरचा संदेश वाचून दाखवा. पासबुक भरून आणा. 'हप्ता हवा तर इथे दाबा' असं म्हणणारी अनोळखी लिंक उघडू देऊ नका. ओटीपी कुणालाही सांगू देऊ नका. सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, तेही एकदा वाचा. त्यात आईचं नाव आहे का? नसेल, तर बाबांना विचारा, "का नाही?"