भरतीरेषेच्या अलीकडचे घर

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर या कोकणपट्टीतल्या गावांत समुद्राच्या किंवा खाडीच्या काठी घर घेण्याचा विचार करणारे कुटुंब जागा पाहायला बहुधा थंडीच्या दिवसांत जाते, म्हणजे नेमके अशा काळात, जेव्हा समुद्र शांत असतो, पुळण रुंद दिसते आणि विहिरीलाही भरपूर पाणी असते. पाण्याकाठच्या मिळकतीची एक सीमा मात्र कायम हलती असते, आणि ही सीमा कुठवर येते हे समजून घेतल्याशिवाय किमतीची बोलणी करणे धोक्याचे आहे. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात नेतात व पावसाळा सरल्यावर ती हळूहळू परत येते, त्यामुळे डिसेंबरमध्ये कुंपणापासून लांब भासणारे पाणी जुलैत पार कुंपणाशी आलेले असू शकते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येऊन भरती सर्वांत उंच चढते, तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपासची बेताची भरती ती भांगाची. भरतीच्या कोष्टकात दिलेली उंची ही केवळ या खगोलीय ओढीची असते, आणि आषाढातला सोसाट्याचा वारा, कमी झालेला हवेचा दाब व लाटांचा मारा यांनी चढणारे पाणी तीत धरलेले नसते. खाडीकाठी आणखी एक गोष्ट घडते, ती अशी की नदीचा पूर आणि उधाणाची भरती एकाच वेळी आल्यास पुराला समुद्रात उतरायला वाट मिळत नाही व पाणी मागे तुंबते. वाशिष्ठीकाठच्या चिपळूणने 22 जुलै 2021 रोजी अतिवृष्टीबरोबर याचाही अनुभव घेतला. म्हणून घर नदीकाठी असेल तर पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा पाहणे आवश्यक आहे: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते ती भरतीरेषा, म्हणजे उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जिथवर पोहोचते ती रेषा. केंद्र सरकारने 1991 मध्ये प्रथम काढलेल्या आणि 2011 व 2019 मध्ये नव्याने काढलेल्या अधिसूचनांनी समुद्रकिनारी या रेषेपासून जमिनीकडचे 500 मीटर अंतर सागरी नियमन क्षेत्र ठरवले असून बोलण्यात त्याला सीआरझेड म्हणतात. ग्रामीण किनाऱ्यावर या पट्ट्याच्या आत आणखी एक 'ना विकास क्षेत्र' असते. 2019 च्या अधिसूचनेनुसार 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक लोकसंख्या असलेल्या भागात ते 50 मीटर, तर विरळ वस्तीच्या भागात 200 मीटर धरले जाते. त्यात पूर्वीच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ जोत्याच्या आणि मूळ चटईक्षेत्राच्या मर्यादेतच करता येते, म्हणजेच जुने कौलारू घर घेऊन त्याच्या जागी दुमजली बंगला बांधण्याचा बेत तिथे फसतो. कांदळवनांना, म्हणजे खाडीतल्या तिवरांच्या व चिप्यांच्या राईला, याहून कडक संरक्षण आहे.

ही रेषा सात-बाराच्या उताऱ्यावर दिसत नाही; ती किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशात असते आणि आपला गट नंबर त्या नकाशात कुठे बसतो हे खरेदीपूर्वी तपासून घ्यावे लागते. ग्रामपंचायतीचा दाखला, नोंदणीकृत खरेदीखत किंवा घरपट्टीची पावती यांपैकी काहीही सागरी नियमन परवानगीची जागा घेऊ शकत नाही. कोचीजवळच्या मरडू येथे बॅकवॉटरच्या काठी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींना स्थानिक पंचायतीचे बांधकाम परवाने होते, तरी त्या सागरी नियमांचे उल्लंघन करतात असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने मे 2019 मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि 11 व 12 जानेवारी 2020 रोजी चार संकुले सुरुंगाने जमीनदोस्त करण्यात आली. तिथे घरे घेणाऱ्यांपैकी अनेकांनी रीतसर कर्ज काढून, खरेदीखत नोंदवून प्रवेश केला होता, हे विसरता कामा नये.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न कागदपत्रांइतकाच गंभीर असून त्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्याने जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत त्याचा थर असतो, असे स्थूलमानाने मानले जाते. याचा व्यावहारिक अर्थ भयंकर आहे, कारण उपशामुळे ती पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर चढू शकते. मे महिन्यात विहीर मचूळ लागते का, शेजारच्या वाड्यांत किती विंधन विहिरी आहेत, हे शेजाऱ्यांनाच विचारावे.

खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये झिरपून लोखंडी सळ्यांना गंज चढवतात, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. भारतीय मानकात किनारी वातावरणातील उघड्या काँक्रीटसाठी किमान एम-30 प्रतीचे मिश्रण आणि सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. तयार घर घेताना अभियंत्याकडून हे तपासून घेणे पैशांच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरते. छपराबाबत 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलेल्या निसर्ग वादळाने जी पडझड केली, ती पाहता पत्र्यांची पकड आणि घराजवळच्या उंच माडांचे अंतर या गोष्टी दुय्यम मानता येत नाहीत.

जुन्या कोकणी गावांची रचना या बाबतीत आदरास पात्र आहे, कारण तिथे पुळणीनंतर केवड्याचे व सुरूचे बन, मग नारळी-पोफळीची वाडी आणि तिच्या आत घर, असा क्रम ठेवून वाऱ्याची व क्षारांची पहिली झळ झाडांवर घेतली जात असे. समुद्राचे दृश्य मिळावे म्हणून हे बन तोडणारा मालक आपलेच संरक्षण मोडतो.

जमीन शेतीची असेल तर 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे महाराष्ट्रात ती सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, आणि उताऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन किंवा खाजगी वनाची नोंद असल्यास व्यवहार परवानगीशिवाय पुढे सरकत नाही. या सर्व नोंदींचे फेरफार मागे जाऊन वाचावेत. भरतीरेषेखालची जमीन 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे शासनाची असल्याने 'खाजगी किनारा' ही जाहिरातीतली भाषा कायद्यात टिकत नाही. कोळ्यांची मासळी वाळवण्याची जागा, होड्या ओढण्याची वाट आणि गावाची समुद्राकडे जाणारी वहिवाटीची पाखाडी त्या मिळकतीच्या आतून किंवा कडेने जाते का, हे नकाशा हातात घेऊन गावकऱ्यांसोबत एकदा चालून पाहावे, आणि ती वाट खरेदीखताच्या चतुःसीमेत स्पष्ट लिहून घ्यावी.