स्त्रीचे दुखणे आणि घरचा हिशेब

घरातील कर्त्या पुरुषाला ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठला जातो. बाई आजारी पडली तर आधी काढा, मग मेडिकलमधली गोळी आणि अंथरूण धरल्यावर दवाखाना. गरिबी दोघांना सारखीच असते. मग हा फरक कशाचा? तो आपल्या मनातील विषमतेचा आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. मासिक पाळी व बाळंतपण ही कारणे खरीच. पण ज्या शरीराला लोहाची गरज जास्त, त्याच्याच ताटात उरलेसुरले पडते, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण संकोचाचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे 'बाईच्या जातीला असायचेच' म्हणून सोसले जाते.

तिसरे कारण पैसा व परवानगी. खाते बाईच्या नावावर, पण पासबुक नवऱ्याच्या खिशात, हे बँकेच्या काउंटरवर नेहमी दिसते. १९७१ च्या कायद्यानुसार वैद्यकीय गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे; तरीही नवऱ्याची सही मागितली जाते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, ही त्यांची भूमिका होती. १९३८ साली त्यांच्या पक्षाने मांडलेला संततिनियमनाचा ठराव सभागृहाने फेटाळला. स्त्रीचे आरोग्य हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची स्वहस्ते शुश्रूषा केली. आपण निदान एवढे करू : घरातील प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेऊ, औषधाचा पैसा तिच्या हाती ठेवू आणि सर्वांनी एकत्र जेवू. विहारात समतेची वंदना म्हणणाऱ्याच्या घरात ताटही समान असले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!